कोंबडीने मान टाकण्याआधी

गोष्ट उन्हाळ्याच्या तोंडाशी घडलेली आहे. रविवारचा दिवस होता. सोनईजवळच्या एका वस्तीवरच्या आजी दवाखान्यात आल्या. रक्तदाबाची गोळी संपली असेल असे समजून मी कागद पुढे ओढला, तोच आजींनी पदराखालून एक तांबूस कोंबडी काढून टेबलावर ठेवली.

"डाक्टर, माझ्या चंद्रीला बघा. कालपासून दाणा टिपंना."

"आजी, मी माणसांचा डॉक्टर. हिला जनावरांच्या दवाखान्यात न्या."

"आज आइतवार हाय. उद्यापर्यंत ऱ्हाईल का ही?"

कोंबडीने डोळे मिटले होते, पिसे फुगवली होती आणि शेपटीखाली हिरवट पातळ घाण लागलेली होती. मी वरवर पाहिले आणि म्हणालो, "ऊन लागलं असेल. सावलीत ठेवा, पाणी द्या, उद्या सकाळी न्या." आजी गेल्या. चंद्री त्याच रात्री मेली. आठ दिवसांत आजींच्या उरलेल्या पाचही कोंबड्या गेल्या आणि शेजारची दोन खुराडी रिकामी झाली. पशुवैद्यकांनी सांगितले, राणीखेत.

नंतर आजींकडून कळले की चंद्रीच्या आधी दोन कोंबड्या मेल्या होत्या. त्यातली एक मान टाकू लागताच कापून शेजारीपाजारी वाटली होती. हे मी विचारलेच नव्हते. तापाचे मूल समोर आले की आमचा पहिला प्रश्न असतो, "घरात आणखी कोणी आजारी आहे का?" कोंबडी समोर आली तेव्हा तो प्रश्न मला सुचला नाही. सुचला असता तर चंद्री वाचली असतीच असे नाही, पण शेजारची खुराडी कदाचित वाचली असती. आजींचा मीठ-मिरचीचा आणि एस.टी.च्या भाड्याचा खर्च अंड्यांवर चालत असे, हेही मला तेव्हाच कळले.

म्हणून आजचा लेख माणसांच्या आजारावर नाही. तो घरच्या कोंबडीच्या आजारावर आहे. आपल्या भागात वस्तीवस्तीवर चार-सहा गावरान कोंबड्या असतात. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड मंडळीही बैलांबरोबर आपल्या कोंबड्या घेऊन येतात. अनेक घरांत त्यातली एखादी पोराबाळांची लाडकी असते, तिला नावही असते. तिच्या आजाराचा घराच्या आरोग्याशीही संबंध आहे. कसा, ते पुढे येईलच. औषधाचा भाग पशुवैद्यकांचाच. मी सांगणार आहे ते फक्त ओळखणे, सांभाळणे आणि वेळेवर नेणे.

आजार लपवणारा पक्षी

पहिली गोष्ट लक्षात ठेवावी, ती ही की कोंबडी आपला आजार लपवते. कळपात दुबळी दिसली की दुसऱ्या कोंबड्या तिला टोचतात आणि मांजर, मुंगूस, घार टपलेलेच असतात. त्यामुळे अंगात बळ आहे तोवर ती चारचौघींसारखी दाणे टिपल्याचे सोंग करते. ती कोपऱ्यात पिसे फुगवून बसलेली दिसते तेव्हा आजार नुकताच सुरू झालेला नसतो, तो बराच पुढे गेलेला असतो. "काल तर चांगली होती, आज एकदम काय झाले?" असे आपण म्हणतो. बहुतेक वेळा ती कालही चांगली नसते, आपले लक्ष नसते.

यावर उपाय एकच. सकाळी खुराडे उघडताना दोन मिनिटे उभे राहून बघावे. निरोगी कोंबडी दार उघडताच धडपडत बाहेर येते. तिचे डोळे चमकदार असतात, तुरा टवटवीत असतो, चालताना दोन्ही पाय सारखे पडतात. विष्ठा घट्ट असते व तिच्यावर पांढरी टोपी असते. ही पांढरी टोपी म्हणजे तिची लघवी, आजार नव्हे. दिवसातून एक-दोनदा तपकिरी, चिकट व फार घाण वासाची विष्ठाही पडते. तीही नेहमीचीच, घाबरू नये.

दुसरे म्हणजे अंग गरम लागले म्हणून ताप आहे असे समजू नये. आपल्या अंगाचे तापमान साधारण ९८.६ अंश फॅरनहाइट असते, तर निरोगी कोंबडीचे १०६ ते १०७ अंशांच्या आसपास असते. उलट, पाय व तुरा गार पडणे हे अधिक काळजीचे.

गंभीर आजाराच्या खुणा

पुढीलपैकी एक जरी खूण दिसली तरी कोंबडीला त्याच दिवशी दाखवावे:

१. चोच उघडी ठेवून, मान लांब करून श्वास घेणे, घरघर आवाज येणे. (भर उन्हात धापा टाकणे वेगळे. सावलीत नेल्यावर ते थोड्या वेळात थांबले पाहिजे.)

२. तुरा काळसर-निळा किंवा अगदी पांढराफटक पडणे.

३. मान वाकडी होणे, पंख किंवा पाय लुळा पडणे, गोल गोल फिरणे.

४. हिरवी पातळ किंवा रक्ताची हगवण.

५. डोके किंवा डोळ्यांभोवती सूज, नाका-डोळ्यांतून पाणी.

६. दिवसभर दाणा-पाणी न घेणे, हाताने उचलले तरी न फडफडणे.

७. पेंग्विन पक्ष्यासारखे ताठ उभे राहून सारखे कुंथणे, पण अंडे न येणे.

८. एकाच दिवशी किंवा लागोपाठ दोन-तीन कोंबड्या दगावणे.

याशिवाय दोन परीक्षा घरी करता येतात. पहिली छातीची. छातीच्या मधल्या हाडावर बोट फिरवावे. दोन्ही बाजूंना मांस लागले तर ठीक. हाड सुरीच्या धारेसारखे हाताला लागले, तर कोंबडी कित्येक दिवसांपासून आतून झिजते आहे. जंत, गोचिडी किंवा जुनाट रोग असू शकतो. दुसरी परीक्षा गळ्याखालच्या अन्नपिशवीची. ती संध्याकाळी भरलेली आणि पहाटे रिकामी हवी. दाणा टाकण्याआधी सकाळीच ती दगडासारखी घट्ट लागली, तर आत गवत, दोरा असे काही अडकलेले असू शकते. पाण्याच्या फुग्यासारखी लागून आंबट वास आला, तर आत अन्न कुजते आहे. अशा वेळी कोंबडीला उलटी धरून पिशवी पिळू नये. ते पाणी श्वासनळीत जाऊन ती जागच्या जागी मरू शकते.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत

पशुवैद्यक भेटेपर्यंत कधी काही तास जातात, कधी एक रात्र जाते. त्या वेळात चार गोष्टी कराव्यात.

वेगळे ठेवणे: आजारी कोंबडी ताबडतोब बाकीच्यांपासून दूर ठेवावी, तीही माणसांच्या स्वयंपाकघरात नव्हे. पुठ्ठ्याचे खोके घ्यावे, त्यास वाऱ्यासाठी भोके पाडावीत, खाली पोते किंवा पाचट घालावे. आधी निरोग्यांना दाणा-पाणी घालावे, शेवटी आजारी कोंबडीकडे जावे आणि नंतर साबणाने हातपाय धुवावेत. क्रम उलटा झाला तर रोग आपल्याच हातांनी वाटला जातो.

ऊब: आजारी पक्ष्याची बरीच ताकद अंग गरम ठेवण्यात खर्च होते. पूर्वी खोक्याजवळ साठ वॉटचा दिवा लावत. हल्लीचे एलईडी दिवे ऊब देत नाहीत. त्याऐवजी कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवावी. एकाच बाजूला अशासाठी की उकडले तर तिला दुसरीकडे सरकता यावे. उन्हाचा झटका बसला असेल तर मात्र ऊब नको. सावली, वारा आणि पायांवर साधे पाणी द्यावे. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये.

पाणी: माणसाच्या अतिसारात आम्ही जे सांगतो तेच येथे. दाण्याआधी पाणी. एक लिटर स्वच्छ पाण्यात दोन चमचे साखर किंवा गूळ व चिमूटभर मीठ घालून ते पहिल्या दिवसापुरते ठेवावे, पुढे साधे पाणी. चोचीचे टोक पाण्यात टेकवले की पुष्कळदा ती आपणहून पिते. पीत नसेल तर चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडावा व ती गिळेपर्यंत थांबावे. चोच उघडून वाटीने पाणी ओतणे ही आपल्याकडची नेहमीची चूक. श्वासनळीचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते, पाणी थेट फुप्फुसात जाते. रोगाने न मेलेली कोंबडी अशा उपचाराने मरते.

हलक्या हाताने धरणे: कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचा पिंजरा पुढे-मागे हलला तरच तिचा श्वास चालतो. मुले प्रेमाने छातीशी घट्ट आवळतात, तेव्हा आजारी कोंबडी गुदमरते. एक हात पोटाखाली, दुसरा पंखांवर, एवढेच पुरे.

खायला भिजवलेली भाकरी किंवा मऊ भात थोडा थोडा द्यावा. अन्नपिशवी भरलेलीच असेल तर काहीही भरवू नये.

एक वाचलेली कोंबडी

चंद्रीनंतर काही महिन्यांनी सहावीतला एक मुलगा संध्याकाळी धावत आला. "काका, आमची राणी सकाळपासून खुराड्यात जाऊन बसतीय, उठतीय, शेपटी खालीवर करतीय. पप्पा म्हणतात, कापून टाकू." या वेळी मी शहाणा झालो होतो. आणखी कोणी आजारी आहे का, किती दिवसांपासून, विष्ठा कशी, शेवटचे अंडे कधी, सारे विचारले. बाकीच्या कोंबड्या ठणठणीत होत्या. राणीचे अंडे आदल्या दिवशी आले नव्हते.

मी एका पशुवैद्यक मित्राला फोन लावला. त्यांनी सांगितले, अंडे अडकले असावे. बाळाच्या आंघोळीला असते तेवढ्या कोमट पाण्यात तिला पोटापर्यंत पंधरा-वीस मिनिटे बसवा, कोरडी करा, अंधाऱ्या उबदार जागी एकटी ठेवा. पोट दाबू नका, अंडे ओढू नका, आत फोडू तर मुळीच नका. रात्री नऊच्या सुमारास त्या मुलाच्या वडिलांचाच फोन आला, "डॉक्टरसाहेब, घातलं बरं का!" सकाळी ते स्वतः तिला दवाखान्यात घेऊन गेले. तिथे कॅल्शियम मिळाले. एका अंड्याच्या कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते आणि नुसत्या बाजरी-ज्वारीवर ते पुरत नाही. शिंपल्यांचा चुरा किंवा भाजून कुटलेली अंड्याची टरफले दाण्याजवळ ठेवावीत. कोमट पाण्याने दोन-तीन तासांत अंडे आले नाही किंवा कोंबडी मलूल होऊ लागली, तर मात्र वाट पाहू नये.

नेहमीचे रोग

राणीखेत: आपल्याकडे याला मानमोडी म्हणतात. १९२६ साली हा रोग इंग्लंडात न्यूकॅसल येथे नोंदला गेला आणि त्याच सुमारास हिमालयातील राणीखेत येथे आढळल्याने आपल्याकडे ते नाव पडले. हिरवी हगवण, घरघर, वाकडी मान, लुळेपणा आणि मरणाची साथ. विषाणूचा रोग असल्यामुळे यावर औषध नाही, लस मात्र आहे. पिल्लाला पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर आर-टू-बी लस. पुढच्या मात्रा पशुवैद्यकांना विचाराव्यात. लस बर्फात आणावी लागते आणि ती निरोगी पक्ष्यालाच द्यायची असते. वस्तीवरच्या चार घरांनी मिळून एकाच दिवशी टोचून घेतले तर एक कुपी सर्वांना पुरते.

देवी: तुऱ्यावर, डोळ्यांभोवती खपल्या. डास हा रोग पसरवतात. माणसांतल्या देवीचा विषाणू याच कुळातला, पण वेगळा. कोंबडीची देवी माणसाला होत नाही आणि मुलांच्या कांजिण्या कोंबडीपासून येत नाहीत. यालाही लस आहे.

रक्ती हगवण: बहुधा लहान पिल्लांत, खुराड्यातील ओल राहिल्याने. वेळेवर औषध मिळाले तर पिल्ले वाचतात.

गोचिडी व पिसवा: या दिवसा खुराड्याच्या फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात. तुरा पांढरा पडत चालला तर रात्री बॅटरी घेऊन फटी तपासाव्यात.

विषबाधा: फवारणी केलेल्या कांद्याच्या, कपाशीच्या रानात चरलेली किंवा औषध चोळलेले बियाणे खाल्लेली कोंबडी एकदम थरथरते, लाळ गाळते, पडते. अशी कोंबडी कोणीही खाऊ नये आणि कुत्र्यालाही घालू नये.

बाजारातून नवी कोंबडी आणली की तिला दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी. बहुतेक साथी अशाच पाहुण्यांबरोबर खुराड्यात येतात.

माणसांच्या गोळ्या नकोत

घरातली तापाची किंवा अंगदुखीची गोळी अर्धी करून कोंबडीला चारणे सर्रास चालते. आपली गिधाडे कशाने गेली ते आठवावे. जनावरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. हे २००४ च्या सुमारास सिद्ध झाले आणि २००६ साली त्याच्या जनावरांसाठीच्या वापरावर आपल्या देशात बंदी आली. आपल्याला जी गोळी आराम देते ती पक्ष्याला मारू शकते. उरलेल्या अँटिबायोटिक कॅप्सूल पाण्यात कालवणेही तसेच. विषाणूच्या रोगावर त्या चालत नाहीत, आणि त्यांचा अंश अंड्यातून घरातल्या लेकरांच्या पोटात जातो. पशुवैद्यकांनी औषध दिले तर "अंडी किती दिवस खायची नाहीत?" हे आवर्जून विचारावे.

सुरी उचलण्याआधी

आता माझ्या धंद्याचा प्रश्न. "मरण्याआधी कापून खाल्ली तर काय बिघडलं?" हे मला अनेकदा विचारतात. गरिबाच्या घरी कोंबडी फुकट जाणे परवडत नाही, हे मला कळते. पण शिजलेल्या रश्श्यापेक्षा जास्त धोका कापण्यात आणि साफ करण्यात आहे. विष्ठा, रक्त, आतडी यांच्याशी हाताचा संबंध येतो. त्याच विळीवर मग कांदा-कोथिंबीर चिरली जाते. साल्मोनेलासारखे जंतू असेच पोटात जातात. पाच वर्षांखालील मुले, म्हातारी माणसे आणि गरोदर बायका यांना त्याची हगवण जड जाते. राणीखेतचा विषाणूही हाताळणाऱ्याचे डोळे काही दिवस लाल करतो.

बर्ड फ्लूची गोष्ट याहून मोठी आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातली पहिली साथ निघाली. भोपाळच्या प्रयोगशाळेत निदान झाले आणि परिसरातील लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. तेव्हा माणसांत लागण आढळली नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी शेकडो कोंबड्या याच रोगाने दगावल्या. त्याच वर्षी दिल्लीत उपचार घेत असलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलाचा मृत्यू बर्ड फ्लूने झाल्याचे निष्पन्न झाले. देशात नोंदलेला असा तो पहिला मृत्यू. माणसाला हा रोग क्वचितच होतो, घाबरून खुराडी मोडण्याचे कारण नाही. नीट शिजवलेले मांस व उकडलेली अंडी यांतून तो येत नाही. पण एकदम मेलेल्या कोंबडीला उघड्या हाताने धरू नये, एवढे कारण नक्कीच आहे.

तेव्हा मेलेली किंवा मरणपंथाला लागलेली कोंबडी कापू नये, वाटू नये, बाजारात विकू नये. एकच मेली असेल तर हातात पिशवी घालून, तोंडाला फडके बांधून, विहिरीपासून दूर दोन-तीन फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. उकिरड्यावर वा कॅनॉलमध्ये फेकू नये. पटापट मरत असतील तर एकही न हलवता जनावरांच्या दवाखान्याला आणि ग्रामपंचायतीला कळवावे. २००९ च्या कायद्याप्रमाणे जनावरांच्या साथीच्या रोगाची खबर देणे मालकाचे कर्तव्यच आहे. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा फोन क्रमांक आहे. आणि आजारी पक्षी हाताळल्यानंतर दहा दिवसांत घरात कोणाला ताप-खोकला झाला, तर डॉक्टरांना कोंबडीची हकिकत आधी सांगावी. आम्ही विचारायला विसरतो, हे तुम्ही वर वाचलेच आहे.

काही कोंबड्या सारे करूनही वाचत नाहीत. पशुवैद्यक "आता हाल नकोत" म्हणाले तर ते ऐकावे. मुलांना "उडून गेली" असे खोटे सांगू नये. आजारी होती, आपण सांभाळली, वाचली नाही, असे सांगितले की मुले समजून घेतात.

आजींनी खुराडे चुन्याने रंगवून महिनाभर रिकामे ठेवले आणि मग चार तलंगा घेतल्या, लस टोचलेल्या. परवा रक्तदाब तपासायला आल्या तेव्हा मी विचारले, "कोंबड्या कशा आहेत?" म्हणाल्या, "रोज सकाळी दार उघडून बघती ना मी. एक जरी मागं ऱ्हायली, तर आधी तिला बाजूला काढती."